भिंत पुसणारा हात

घरातील वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीची चौकशी करताना आपण औषधे, आहार, झोप आणि फिरणे यांविषयी विचारतो. ओट्यामागच्या भिंतीची चौकशी कोणी करीत नाही. वास्तविक ही भिंत दिवसातून दोन-तीन वेळा त्यांच्या डोळ्यांसमोर असते. तिच्यावर उडालेले तेल पुसण्यासाठी त्यांना शेगडीवरून हात न्यावा लागतो, मान वर करावी लागते आणि कधी कधी स्टुलावरही चढावे लागते. म्हणून या वेळी त्या भिंतीविषयी आणि तिच्यावर अलीकडे हौसेने बसवल्या जाणाऱ्या एका विशिष्ट टाइलविषयी लिहायचे ठरवले आहे. बाजारात तिला ‘क्रॅकल’ टाइल म्हणतात. गुळगुळीत, चकचकीत झिलई आणि त्या झिलईत केसासारख्या बारीक चिरांचे जाळे, असे तिचे रूप असते.

पुण्यात हा विषय आज अनेक घरांत निघतो, त्याला कारण आहे. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर पेठांतील वाडे सोडून अनेक कुटुंबे सोसायट्यांच्या इमारतींत राहायला गेली. त्या इमारती आता जुन्या झाल्या असून एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या आहेत. ज्यांनी पन्नास वर्षे एकाच कडप्प्याच्या ओट्यावर स्वयंपाक केला, ज्यांच्या पायांना शहाबादी फरशीची आणि डोळ्यांना ओट्यामागच्या सहा इंची पांढऱ्या टाइलची सवय आहे, ती माणसे पंचाहत्तरी-ऐंशीत नव्या स्वयंपाकघरात प्रवेश करीत आहेत. त्या स्वयंपाकघराची निवड बहुधा मुले आणि सुना करतात. ती प्रेमानेच केलेली असते; पण त्या निवडीतून काय घडू शकते, हे मी माझ्या मावशीच्या घरी पाहिले.

मावशी एक्याऐंशी वर्षांची आहे. एरंडवण्यातील त्यांची जुनी इमारत पाडून नवी झाली आणि मंडळी पुन्हा तिथे राहायला आली. वहिनींनी ओट्यामागे फिकट पिवळसर रंगाच्या क्रॅकल टाइल बसवून घेतल्या होत्या. मावशीच्या माहेरून आलेल्या लोणच्याच्या बरणीवर अशाच बारीक रेषा होत्या. घर हलवताना ती बरणी फुटली, तेव्हा मावशीला फार वाईट वाटले होते. वहिनींनी ते लक्षात ठेवले होते. पुढे चार-पाच महिन्यांनी मी गेले, तेव्हा मावशी ओट्यापाशी उभी राहून ओल्या फडक्याने भिंत घासत होती.

“अगं, हे केस बघ ना भिंतीला चिकटलेले,” ती म्हणाली. “रोज पुसते, निघतच नाहीत.”

मावशीच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, दुसऱ्याची व्हायची होती. वहिनींनी हळूच सांगितले, “आई, ते डिझाइन आहे. तुम्हाला किती वेळा सांगितलं.” त्यावर मावशीने दिलेले उत्तर मी विसरणार नाही. “डिझाइन आहे ते मला कळतं गं. पण शेगडीमागचे केस पिवळे झालेत आणि खिडकीकडचे पांढरेच आहेत. डिझाइन असतं तर सगळीकडे सारखं नसतं का?”

मावशीचे म्हणणे अगदी बरोबर होते. ती ज्यांना केस म्हणत होती त्या चिरा होत्या, हे खरे. पण शेगडीमागच्या चिरांत फोडणीचे तेल आणि हळद शिरली होती, हेही खरे होते. घरातल्या इतरांना जे दिसले नव्हते, ते अधू नजरेच्या मावशीला दिसले होते. पुढे बोलता बोलता आणखी दोन गोष्टी उघड झाल्या. ते ‘केस’ जावेत म्हणून एकदा तिने न्हाणीघर धुण्याचे ॲसिड वापरले होते आणि दिवसभर खोकत राहिली होती. वरच्या ओळीपर्यंत हात पोहोचावा म्हणून ती दुपारी सगळे झोपल्यावर स्टुलावरही चढत असे. हे ऐकून वहिनींचा चेहरा उतरला. टाइल पडली नव्हती, फुटली नव्हती; पण घरात एक धोका रोज वावरत होता आणि तो कोणाच्याच लक्षात आला नव्हता.

चिरा पडतात कशा?

टाइलचे दोन भाग असतात. आत भाजलेल्या मातीचे अंग आणि वर झिलईचा पातळ थर. ही झिलई म्हणजे एक प्रकारची काचच होय. हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाच्या भट्टीत ती वितळते आणि मातीच्या अंगाला घट्ट धरून बसते. भट्टी निवू लागली की दोन्ही थर आकसतात. झिलई मातीपेक्षा अधिक आकसणारी असेल, तर तिच्यावर ताण येतो आणि ती बारीक बारीक चिरांनी तडकते. काच निवताना तिच्यात ताण राहिला की ती तडकते, हे काच बनवणाऱ्या कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाच्या देणग्यांतून १९०८ साली काच कारखाना उभा राहिला. अशा कारखान्यात नुसती काच वितळवून भागत नाही, ती सावकाश निववावी लागते. झिलईचा न्यायही तोच.

साध्या टाइलच्या बाबतीत अशी चीर हा दोष समजला जातो. क्रॅकल टाइलमध्ये मात्र झिलईचे मिश्रण मुद्दाम असे घेतात की ती तडकावी. ही कल्पना नवी नाही. चीनमध्ये सोंग राजवंशाच्या काळात, म्हणजे इसवी सन ९६० ते १२७९ या दरम्यान, चिरांच्या जाळ्याचे सौंदर्य हेरून भांडी घडवली जात. त्या चिरांत रंग भरून त्यांतील मोठ्या रेषा काळसर आणि बारीक रेषा सोनेरी दिसाव्यात, अशी योजना असे. लोखंडी तार आणि सोनेरी धागा अशी नावेच त्या रेषांना मिळाली होती. म्हणजे चिरांत रंग शिरतो, हा त्या कलेचा पायाच आहे. तिथे शाई शिरते, आपल्या स्वयंपाकघरात हळद शिरते, एवढाच फरक.

आता यातील महत्त्वाचा भाग पाहा. भिंतीला लावायच्या नेहमीच्या सिरॅमिक टाइलचे अंग सच्छिद्र असते. ते स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते. व्हिट्रिफाइड टाइलमध्ये हेच प्रमाण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असते. साध्या भिंतीच्या टाइलवर अखंड झिलई असल्याने तिच्या अंगापर्यंत पाणी पोहोचत नाही. क्रॅकल टाइलच्या झिलईत मात्र शेकडो वाटा उघड्या असतात. त्या वाटांनी वाफ, तेल, साबणाचे पाणी, जे येईल ते आत जाते. मातीच्या अंगात मुरलेले तेल वरून कितीही घासले तरी निघत नाही. मावशीचा हात कमी पडत नव्हता, फडके पोहोचत होते तिथे डागच नव्हता.

टाइलच्या झिलईला चिरा जातात का, हे तपासण्यासाठी आयएसओ १०५४५ या आंतरराष्ट्रीय मानकाचा अकरावा भाग आहे. त्या चाचणीत टाइल दाबाखालील वाफेत ठेवून मग चिरा शोधतात. चिरा ही मुद्दाम केलेली सजावट असेल तर ही चाचणी लागू होत नाही. मात्र उत्पादकाने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे, असा दंडक आहे. म्हणून दुकानात टाइल आवडली तर खोक्यावर किंवा माहितीपत्रकात याविषयी काय लिहिले आहे ते पाहावे. ‘ही टाइल शेगडीमागे चालेल का, आणि सीलर कोणता लावायचा?’ हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपली फोडणी आणि ही भिंत

परदेशी मासिकांतील चित्रे पाहून आपण स्वयंपाकघर सजवतो, तेव्हा एक गोष्ट विसरतो. त्या चित्रांतल्या ओट्यावर फोडणी होत नाही. आपल्याकडे तेल तापते, मोहरी तडतडते, हिंग आणि हळद पडते आणि त्या क्षणी तेलाचे सूक्ष्म थेंब भिंतीवर उडतात. हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे असतो ते कर्क्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते. म्हणजे फोडणी ही हळदीचा रंग तेलात कालवून भिंतीवर शिंपडण्याची रोजची क्रिया आहे, असे म्हटले तरी चालेल. हा ओशट थर वेळेवर पुसला नाही तर हवेच्या आणि उष्णतेच्या संगतीने घट्ट, चिकट होतो.

हळदीचा आणखी एक गुण आपल्या घरांतील जुन्या बायकांना पाठ होता. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते. पारंपरिक कुंकू असेच तयार करतात. म्हणूनच हळदीच्या डागावर साबण किंवा सोडा लावला की तो आधी लालसर दिसतो. असे झाले तर भिंत बिघडली असे समजून घाबरू नये आणि अधिक कडक द्रव्य तर मुळीच वापरू नये. स्वच्छ पाण्याने पुसले की लाली कमी होते. सूर्यप्रकाशात हळदीचा रंग फिकट होतो, हेही आपण धुणे वाळत घालताना पाहिलेले असते. पण शेगडीमागच्या भिंतीला ऊन कोठून मिळणार? खिडकीकडच्या टाइल पांढऱ्या आणि शेगडीमागच्या पिवळ्या, या मावशीच्या निरीक्षणामागे थोडा भाग उजेडाचाही असावा.

वाढत्या वयाचा डोळा

ही भिंत ज्येष्ठांना कशी दिसते, याचाही विचार व्हावा. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर व धूसर होते. विशीतील डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोहोचतो, त्याच्या साधारण एक-तृतीयांशच साठीच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. दुसरीकडे, चकचकीत पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश या वयात अधिक त्रास देतो. त्यामुळे चमकदार झिलईवर ट्यूबलाइटची तिरीप पडली की चिरा कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. आणि दिसल्या तर त्या केस, मुंग्या किंवा कोळिष्टके वाटू शकतात.

ज्या घरात स्मृतिभ्रंशाचा त्रास असलेली व्यक्ती आहे, तिथे हा मुद्दा अधिक गंभीर होतो. या आजारात डोळ्याने पाहिलेल्या गोष्टीचा मेंदूकडून लागणारा अर्थ चुकू शकतो. बारीक रेषांची, ठिपक्यांची किंवा गुंतागुंतीची नक्षी किड्यांसारखी वाटून माणूस घाबरतो किंवा ती पुसत राहतो. अशा रुग्णाशी ‘तिथे काही नाही’ म्हणून वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याच्या समोरची भिंत साधी, एकरंगी आणि न चमकणारी असणे हेच अधिक उपयोगी ठरते. ओटा गडद असेल तर भिंत फिकट असावी, म्हणजे ओट्याची कड आणि त्यावरील भांडी ओळखणे सोपे जाते.

निवड करण्यापूर्वी

वाचकहो, क्रॅकल टाइल वाईट, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. ती देखणी असते आणि योग्य जागी वर्षानुवर्षे टिकते. तिची निवड मात्र दुकानातल्या दिव्याखाली न करता आपल्या स्वयंपाकघरात करावी. त्यासाठी घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षा सांगते.

दुकानदाराकडून त्या टाइलचे दोन तुकडे मागून घ्या. एकाला सीलर लावून पूर्ण वाळू द्या, दुसरा तसाच ठेवा. चमचाभर कोमट तेलात चिमूटभर हळद कालवून दोन्ही तुकड्यांवर बोटाने पसरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी भांडी घासण्याच्या सौम्य द्रावाने पुसा. चिरांत पिवळेपणा राहिला तर पुढच्या दहा वर्षांत भिंत कशी दिसणार, हे तुम्हाला एका रात्रीत समजेल. त्यानंतर स्वच्छ तुकडा ओट्यामागे उभा करून संध्याकाळी दिवा लावल्यावर घरातील ज्येष्ठांना विचारा, “आई, तुम्हाला हे कसं दिसतंय?” ‘आवडलं का?’ असे विचारू नका. मुलांचे मन राखण्यासाठी त्या ‘हो’ म्हणतील. ‘काय दिसतंय?’ असे विचारले म्हणजे खरे उत्तर मिळते.

तरीही क्रॅकल टाइलच हवी असेल, तर ती शेगडीच्या मागे लावण्याऐवजी जेवणाच्या टेबलाजवळच्या किंवा खिडकीलगतच्या भिंतीवर लावावी. शेगडीमागे आणि तिच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरापर्यंत अखंड झिलईची साधी टाइल किंवा व्हिट्रिफाइड टाइल घ्यावी. टाइल जितकी मोठी तितके सांधे कमी, आणि सांधे कमी म्हणजे घासणे कमी. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत सांध्यांत बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णांना तिचा त्रास होतो, म्हणूनही सांधे कमी असलेले बरे.

क्रॅकल टाइल बसवताना सांधे भरण्यापूर्वी एकदा आणि सांधे वाळल्यावर पुन्हा एकदा सीलर लावावा लागतो. पहिला हात गाळला तर सांध्यांत भरायच्या ग्राउटचा रंगच चिरांत शिरतो. म्हणून टाइल बसवणाऱ्या मिस्त्रींना हे काम सुरू होण्यापूर्वी स्पष्ट सांगावे आणि एका सुट्या तुकड्यावर ग्राउट लावून पाहायला सांगावे. सीलर कायमचा नसतो. अधूनमधून भिंतीवर पाण्याचे दोन-चार थेंब टाकून पाहावे. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर सीलर शाबूत आहे. तो जिरून तिथे डाग गडद झाला तर सीलर पुन्हा लावण्याची वेळ आली आहे. सीलर लावताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि वास पूर्ण जाईपर्यंत दमेकऱ्यांनी त्या खोलीत थांबू नये.

काम चालू असतानाची काळजी

जुन्या टाइल फोडताना आणि नव्या कापताना उडणारी धूळ साधी नसते. त्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते फुप्फुसांना अपायकारक आहेत. जुन्या काळच्या काही झिलयांत शिसेही वापरलेले असे. अशी टाइल भिंतीवर अखंड असेपर्यंत तिची भीती नसते. पण ती फोडून तिची पूड झाली की ती श्वासात आणि अन्नात जाऊ शकते. म्हणून कापण्याचे काम शक्यतो घराबाहेर, पाणी सोडून करून घ्यावे. कारागिरांना तोंडावर नीट बसणारा मास्क द्यावा. त्यांची फुप्फुसेही आपल्यासारखीच आहेत. दमा, जुना खोकला किंवा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांची तेवढ्या दिवसांसाठी नातेवाइकांकडे सोय करावी. काम संपल्यावर कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

रोजची स्वच्छता

भिंत कोणत्याही टाइलची असो, ती रोज हलक्या हाताने पुसणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. स्वयंपाक झाला, शेगडी पूर्ण निवली की जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा कोमट पाण्यात बुडवून, त्यावर भांडी घासण्याच्या द्रावाचा एखादा थेंब घेऊन भिंत पुसावी. नंतर साध्या पाण्याने, मग कोरड्या फडक्याने. तारेची घासणी वापरू नये. क्रॅकल टाइलवर लिंबू आणि व्हिनेगरही नको, कारण आंबट पदार्थ चिरांतून आत जाऊन सांध्यांची सिमेंट खातात.

ॲसिड तर स्वयंपाकघरात आणूच नये. त्याच्या वाफांनी डोळे आणि घसा चुरचुरतो, आणि ज्यांची फुप्फुसे आधीच दुर्बळ आहेत त्यांना श्वास लागू शकतो. ॲसिड आणि ब्लीचिंगचे द्रावण एकत्र आले तर विषारी क्लोरिन वायू तयार होतो. एकाने डाग निघाला नाही म्हणून त्यावर दुसरे ओतणे, ही चूक जीवावर बेतू शकते. असे चुकून घडलेच तर पुसत बसू नये. लगेच खोलीबाहेर मोकळ्या हवेत जावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि श्वास घ्यायला त्रास होत असेल तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

घरातील कामाची वाटणी करताना एक साधा नियम ठरवून टाकावा. खांद्याच्या खालची भिंत आजी-आजोबा पुसतील, खांद्याच्या वरची भिंत घरातील तरुण पुसतील. त्यासाठी आठवड्यातला एक वार नेमावा आणि तो पाळावा, म्हणजे ज्येष्ठांना वाट पाहावी लागत नाही. मान वर करून आणि हात उंचावून काम करताना अनेकांना भोवळ येते. त्यात पायाखाली स्टूल असेल तर पडण्याचा धोका किती वाढतो, हे सांगायला नको. स्वयंपाकघरातून स्टूल हलवून ठेवा. रोज लागणारे डबे शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवू नका. पेटत्या शेगडीवरून हात नेण्याची वेळ आली की पदराला किंवा गाऊनच्या बाहीला ज्वाळा लागण्याचे भय असते.

वयस्कर माणसांना ‘तुम्ही काही करू नका’ असे सांगणे हा मात्र उपाय नव्हे. ज्या हाताने घर चालवले त्या हाताला काम नसले की मन खचते. काम त्यांच्याकडेच असू द्यावे, फक्त ते त्यांच्या हाताला झेपेल असे करून द्यावे. सेवा करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, तिथे सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या दिवसातील प्रत्येक पाव तास मोलाचा असतो. तो भिंतीतल्या चिरा घासण्यात जावा की आजाऱ्यापाशी बसण्यात, हा प्रश्न टाइल निवडताना स्वतःला विचारावा.

मावशीच्या घरी पुढे काय झाले, ते सांगून थांबते. टाइल फोडायच्या म्हटले तर पुन्हा धूळ, पुन्हा आठ दिवसांची उचलाठेव. मावशीला ते सोसले नसते. म्हणून शेगडीमागच्या भागावर, आहे त्या टाइलवरच, पाठीमागून फिकट रंग दिलेली टफन्ड काच बसवून घेतली. ती एकसंध आहे, तिला सांधा नाही आणि एका हातात पुसली जाते. काचेचा रंग मावशीने निवडला. चमक डोळ्यांना लागू नये म्हणून ओट्यावरचा दिवा फळीच्या खालच्या अंगाला, थोडा आतल्या बाजूला घेतला. स्टूल गच्चीवर गेले. ॲसिडची बाटली वहिनींनी घरातून काढून टाकली.

खिडकीकडच्या क्रॅकल टाइल मात्र तशाच आहेत. तिथे तेल उडत नाही, ऊन येते आणि रेषा पांढऱ्याच राहतात. मागच्या भेटीत मी गेले तेव्हा मावशी तिथे खुर्ची टाकून मेथी निवडत बसली होती. दुसऱ्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया आता झाली आहे. भिंतीकडे बोट दाखवून ती म्हणाली, “आता नीट दिसतं. आमच्या बरणीवर अगदी अस्संच होतं गं.” वहिनी कणीक मळत होत्या. त्यांनी वर पाहिले आणि म्हणाल्या, “आई, म्हणूनच तर आणल्या होत्या.”

ही गोष्ट त्यांनी मावशीला त्याआधी कधी सांगितलीच नव्हती. तुमच्या घरी नवे स्वयंपाकघर होणार असेल, तर टाइलचा तुकडा घरी आणा, तो ज्येष्ठांच्या हातात द्या, आणि तो का निवडला हेही त्यांना सांगा. भिंत पुसणारा हात त्यांचा असेल, तर तिची निवडही त्यांच्या साक्षीने व्हावी.